सेवेत असतानाच व्यवसायाची मशागत
बारामती, इंदापूर परिसरातील जवानांसाठी नियम, भांडवल आणि वाटा

लष्करातील शिपाई ज्या वयात निवृत्त होऊन गावी परततो, त्या वयात नागरी नोकरीतील माणसाची उमेदीची वर्षे सुरू असतात. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर जवान निवृत्तिवेतनास पात्र ठरतो आणि अनेक जण पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान गणवेश उतरवतात. मुले शाळेत असतात, घराचे काम अर्धवट असते आणि आयुष्यात प्रथमच एक मोठी रक्कम एकत्रितपणे हाती येते. हीच रक्कम दोन-तीन वर्षांत विरून गेल्याची उदाहरणे गावोगाव ऐकू येतात. त्यामुळे व्यवसायाचा विचार निवृत्तीच्या दिवशी न करता आधीच करावा, हे खरे. परंतु सेवेत असताना नेमके काय करता येते आणि काय येत नाही, याबाबत मात्र मोठा गोंधळ आहे.

नियम काय सांगतात?

सेवेतील सैनिकाला सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय व्यापार, उद्योग किंवा खासगी नोकरी करता येत नाही. कंपनीचे संचालकपद, भागीदारी, विमा किंवा कमिशन एजन्सी हे सारे याच बंधनात येते. 'ऑनलाइन' विक्री किंवा साखळी पद्धतीची विक्री योजना सुटीत करता येते, हा समज चुकीचा आहे. सुटीवर असलेला जवानही सेवेतच असतो.

मग पत्नीच्या, भावाच्या नावाने केले तर? नागरी केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीचे १९६४ चे आचरण नियम याबाबत बोलके आहेत. कुटुंबातील व्यक्ती व्यवसाय करू शकते, मात्र कर्मचाऱ्याने ते शासनाला कळविले पाहिजे आणि त्या व्यवसायासाठी स्वतः गिऱ्हाईक जमवता कामा नये. गणवेशधारी सैनिकांचे नियम वेगळे असले, तरी शिस्तीचा रोख हाच आहे. पत्नी खरोखर चालवत असलेला व्यवसाय आणि पत्नीचे केवळ नाव पुढे केलेला व्यवसाय यांतील फरक पलटणीत लपत नाही. शंका असल्यास युनिटकडे लेखी अर्ज करून उत्तर घ्यावे. तोंडी होकारावर विसंबून राहू नये.

अमेरिकेत वरिष्ठांच्या संमतीने आणि कर्तव्याशी विरोध येत नसेल, तर सैनिकाला फावल्या वेळेत छोटा व्यवसाय करण्याची मुभा मिळते. सेवा सोडण्याच्या बेतात असलेल्यांसाठी तेथे २०१३ पासून उद्योजकतेचे वर्गही चालतात. आपल्याकडे ती मोकळीक नाही. तयारीला मात्र कोणी अडवलेले नाही.

शेती हा वेगळा मामला

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील बहुतेक जवान शेतकरी घरांतून येतात. वडिलोपार्जित जमीन कसणे म्हणजे व्यापार नव्हे. सेवेतल्या जवानाला आपली शेती घरच्यांकरवी करता येते. कायद्यानेही सैनिकाच्या जमिनीची विशेष काळजी घेतली आहे. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमात सशस्त्र दलांत असलेल्या किंवा राहिलेल्या जमीनमालकांसाठी स्वतंत्र प्रकरण असून, कुळाकडून जमीन परत मिळविण्याची विशेष तरतूद त्यात आहे. सीमेवर असताना गावची जमीन हातची जाईल, या भीतीतून जन्मलेली ही तरतूद अनेक सैनिक कुटुंबांना ठाऊकही नसते.

तथापि शेतीला जोडधंदा कोणता, हा प्रश्न उरतोच. नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात ऊस आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर हे साखर कारखाने त्यावरच उभे राहिले. ऊस घराबाहेरच्या माणसाला सोयीचा, कारण त्याला रोजची देखरेख लागत नाही. सुपे, मोरगावकडील जिरायती भागात ती सोय नाही. इंदापूरकडे डाळिंब आणि द्राक्ष आहे, उजनीच्या फुगवट्यामुळे भिगवणचा मासळी बाजार आहे.

दुग्धव्यवसाय सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. बारामती हे दुधाचे मोठे केंद्र आहे, संकलनाची यंत्रणा गावात पोचलेली आहे, पैसे नियमित हाती येतात. परंतु सेवेतील जवानाने दूरवर बसून गोठा चालविण्याचा मोह टाळावा, असेच म्हणावे लागते. जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची नैमित्तिक रजा मिळते, तीही कर्तव्याच्या गरजेनुसार. गाय दिवसातून दोनदा, वर्षाचे सर्व दिवस माणूस मागते. धार काढणारा गडी सोडून गेला की सारा भार पत्नीवर आणि म्हाताऱ्या आई-वडिलांवर पडतो. त्यातच दुधाचा भाव आपल्या हाती नाही. गायीच्या दुधाचे दर कोसळल्याने जानेवारी २०२४ मध्ये राज्य शासनाला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावे लागले होते. चार-पाच गायींचा गोठा घरच्यांना झेपत असेल तर ठीक. कर्ज काढून वीस गायी घेण्याचे काम निवृत्तीनंतरचे.

याउलट फळबागेचे गणित सैनिकाच्या कालपत्रकाशी जुळते. डाळिंबाला व्यापारी फळ धरण्यास दोन-तीन वर्षे लागतात. निवृत्तीच्या तीन वर्षे आधी लावलेली बाग जवान घरी येतो तेव्हा बहर धरण्याजोगी होते. ठिबक, खड्डे, रोपांची निवड ही कामे दोन लांब रजांत बसू शकतात. तेल्या रोगाने राज्यातील अनेक बागा उद्ध्वस्त केल्या, हे विसरून चालणार नाही. रोपे खात्रीच्या ठिकाणाहूनच आणावीत. माळेगाव परिसरातील शारदानगर येथे अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचे कृषी विज्ञान केंद्र १९९२ पासून कार्यरत आहे. रजेतले दोन-चार दिवस तेथे घालविणे सर्वांत स्वस्त गुंतवणूक ठरेल.

सैन्यातून शेतीकडे आणि तेथून उद्योगाकडे गेलेले सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे कॅप्टन जी. आर. गोपीनाथ. धरणात वडिलोपार्जित जमीन गेल्याच्या मोबदल्यात मिळालेल्या हसन जिल्ह्यातील माळरानावर त्यांनी रेशीमशेती उभी केली आणि २००३ मध्ये 'एअर डेक्कन' ही स्वस्त विमानसेवा सुरू केली. उजनीत गावे गेलेल्या इंदापूरकरांना या कहाणीचा पूर्वार्ध परका वाटू नये. मात्र त्यांनी हे सारे लष्कर सोडल्यानंतर केले, सेवेत असताना नव्हे.

भांडवलाचा हिशेब

निवृत्तीच्या वेळी उपदान, भविष्य निर्वाह निधी, गटविम्याची रक्कम आणि अंशराशीकरण असे पैसे हाती येतात. सैनिकाला निवृत्तिवेतनाच्या निम्म्या भागापर्यंत अंशराशीकरण करता येते. नागरी कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा ४० टक्के आहे. कापलेला भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो. म्हणजेच हे आपल्याच पुढच्या पंधरा वर्षांच्या उत्पन्नातून काढलेले पैसे आहेत. ते संपूर्ण रक्कम धंद्यात ओतण्यासाठी नाहीत.

२००८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात माजी सैनिकांना विशेष प्रवर्गात स्थान देण्यात आले. स्वतःचा वाटा पाच टक्के आणि ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, असे त्याचे स्वरूप. राज्याने २०१९ मध्ये याच धर्तीवर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आणला. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. केंद्राच्या योजनेत पती-पत्नी मिळून एकच लाभार्थी धरला जातो. महिलाही विशेष प्रवर्गातच मोडतात. त्यामुळे जवान सेवेत असताना पत्नीने लाभ घेतला, तर निवृत्तीनंतर जवानाचा मार्ग बंद होतो. पत्नीचा पिठाची गिरणी किंवा मसाल्याचा उद्योग लहान असेल, तर तो स्वतःच्या बचतीतून उभारून योजना पुढील मोठ्या प्रकल्पासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

बारामती औद्योगिक वसाहतीत पियाजिओसारखे मोठे कारखाने आहेत, इंदापूर तालुक्यात लोणी देवकर येथे वसाहत आहे. लष्करात वाहन दुरुस्ती, वीज, दूरसंचार किंवा स्वयंपाकघराचे तंत्र शिकलेल्या माणसाला तेथे पुरवठादार होण्याची संधी आहे. तरीही बहुतेकांची पावले सुरक्षारक्षकाच्या नोकरीकडेच वळतात. त्यात कमीपणा नाही, पण वीस वर्षे रणगाड्याचे इंजिन हाताळणाऱ्याने फाटकावर वही लिहीत बसावे, हा कौशल्याचा अपव्ययच.

प्रशिक्षण कोठे?

संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील पुनर्वसन महासंचालनालय सेवेच्या अखेरच्या काळात अभ्यासक्रम चालवते. जवान आणि जेसीओंचे शुल्क शासन भरते. अधिकाऱ्यांना ४० टक्के वाटा उचलावा लागतो. दक्षिण विभागाचे कार्यालय पुण्यातच आहे. सेवेत अपंगत्व आलेल्यांसाठी खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटची परंपरा तर १९१७ पासूनची. अभ्यासक्रमाचा अर्ज युनिटमार्फत वेळेत करावा लागतो. सोपा म्हणून कोणताही अभ्यासक्रम निवडण्याची चूक अनेक जण करतात आणि ते महिने वाया जातात.

अग्निवीरांची स्थिती निराळी. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अटींनुसार चार वर्षांनंतर सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी मिळतो. निवृत्तिवेतन, उपदान आणि माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. त्यामुळे माजी सैनिक म्हणून असलेल्या सवलती गृहीत धरून त्यांनी आराखडा करू नये. निधी खात्यात पडताच गाडी घेण्याआधी हे वाक्य दोनदा वाचावे.

निवृत्त होणाऱ्या जवानाने सेवापुस्तक, निवृत्तिवेतनाचा आदेश आणि अभ्यासक्रमाची प्रमाणपत्रे यांच्या प्रती घेऊन पुण्यातील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करावी आणि ओळखपत्र घ्यावे. योजनांचे अर्ज करताना हेच ओळखपत्र प्रथम मागितले जाते. उद्यम नोंदणी त्यानंतरची. ती संगणकावर विनाशुल्क होते, तिच्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत.