रुग्णांनींच लिहिलेली वही

एकाच दुखण्यानें गांजलेलीं माणसें परस्परांस धीर देतात, यांत नवें कांहीं नाहीं. परंतु अशीं माणसें एकमेकांचें तोंडही न पाहतां इंटरनेटच्या द्वारें एकत्र आलीं आणि आपल्या रोगाचा इतिहास आपणच लिहूं लागलीं, हें मात्र अलीकडचें नवल होय. त्याच्या एका प्रसिद्ध उदाहरणाचा उगम घरच्या दुःखांत आहे.

अमेरिकेंत घरें बांधण्याचा व्यवसाय करणाऱ्या स्टीफन हेवुड या तरुणास १९९८ सालीं, वयाच्या २९ व्या वर्षीं, ए. एल. एस. हा रोग जडला. (स्टीफन हॉकिंग यांच्यामुळें आपल्याकडील सुशिक्षितांस या रोगाचें नांव ठाऊक आहे.) त्याचे बंधु जेम्स व बेंजामिन यांनीं जेफ कोल या मित्राच्या साह्यानें २००४ सालीं 'पेशंट्स लाइक मी' हें संकेतस्थळ स्थापिलें. तिघेही एम. आय. टी. त शिकलेले इंजिनियर. रुग्णानें आपलें औषध, त्याची मात्रा व ढासळत जाणारी शक्ति आंकड्यांनीं मांडावी आणि ती इतर रुग्णांनीं पाहावी, अशी ही योजना होती. स्टीफन २००६ सालीं वारला.

खरी कसोटी २००८ सालीं लागली. लिथियमनें हा रोग मंदावतो, असें इटलींतील संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. लिथियम घेणारे त्यांचे रुग्ण अवघे १६ होते. रीतसर प्रयोगाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याइतकें आयुष्य ज्यांस उरलें नव्हतें, त्यांनीं आपापल्या डॉक्टरांकडून तें औषध मिळविलें व त्याचा जमाखर्च उघड मांडला. ब्राझीलमधील एक रुग्ण व एका रुग्णाची अमेरिकन कन्या यांनीं या कामीं पुढाकार घेतला. शास्त्रज्ञांनीं नाक मुरडावें हें साहजिकच होतें. कारण औषध कोणास द्यावें याच्या चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, आणि आपण काय घेतों हें घेणारास पक्कें ठाऊक होतें. म्हणून लिथियम घेणाऱ्या प्रत्येकाशीं, ज्यांचा रोग तोंवर त्याच गतीनें वाढत आला होता असे न घेणारे रुग्ण गणितानें जुळविण्यांत आले. १४९ जणांचा हा हिशेब २०११ सालीं 'नेचर बायोटेक्नॉलॉजी' मासिकांत छापला गेला. बारा महिन्यांनीं पाहतां लिथियमचा कांहींच गुण आलेला नव्हता! डॉक्टरांच्या रीतसर प्रयोगांतूनही तेंच निघालें.

आम्हांस विशेष वाटतें तें याचें, कीं 'जरा बरें आहे' असें लिहिण्याचा मोह कोणास झाला नसेल? तरीही आपल्याच आशेविरुद्ध या लोकांनीं साक्ष दिली.

ही माहिती औषधकंपन्यांस विकून संकेतस्थळाचा खर्च चाले. स्थापकांनीं ती गोष्ट लपविली नव्हती. तरी ती आमच्या मनाला रुचत नाहीं. २०१९ सालीं विम्याच्या धंद्यांतील युनायटेडहेल्थ या बड्या कंपनीनें तें संकेतस्थळ विकत घेतलें.