माहीमचा बांध

मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामध्ये, माहीम व वांद्रे यांना विभागणारी जी खाडी होती, ती ओलांडण्यास एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तरीवाचून गत्यंतर नव्हते; आणि पावसाळ्यात वारा उठला म्हणजे माणसांनी, पाट्यांनी व कोंबड्यांनी भरलेली ती होडी पैलतीरी लागेलच, याची हमी खुद्द नावाडीही देत नसे. बांध हवा, हे कंपनी सरकारास नाकबूल नव्हते; प्रश्न खजिन्याचा होता. रस्ता एकदा झाला की तो सर्वांचाच होतो, ज्याने दमडी दिली नाही त्यालाही त्यावरून जाता येते. म्हणूनच असल्या कामाची निकड जो तो मान्य करतो आणि वर्गणीची वेळ आली की शेजाऱ्याकडे पाहतो.

यावर सरकारांचा ठरलेला तोडगा म्हणजे नाका. जोनाथन डंकन गव्हर्नर असताना शीवचा बांध झाला, त्यावर पथकर बसलाच होता. माहीमची कोंडी मात्र सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी फोडली. त्यांनी सुमारे १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ साली बांध खुला झाला. अट एवढीच, की येथे जाणाऱ्या-येणाऱ्याकडून पथकर घेऊ नये. माझ्या मते रकमेपेक्षा ही अटच अधिक शहाणपणाची. कारण नाक्यावर पहिला अडला असता तो डोईवर भाजीची पाटी घेतलेला, बग्गीवाल्यास दोन पैशांची क्षिती कसली?