‘रोहित्र’ आणि ‘डीपी’ : बडनेरा परिसरातील एक शब्दविचार

यंत्राच्या नावाचा इतिहास हा पुष्कळदा त्या यंत्राशी माणसाचा संबंध कोणत्या बाजूने आला, याचाच इतिहास असतो. ट्रान्सफॉर्मरला शासकीय मराठीत ‘रोहित्र’ म्हणतात. वऱ्हाडातील बोलण्यात ती ‘डीपी’ असते. भंगारात गेलेले असे यंत्र हौसेने दुरुस्त करू पाहणाऱ्याच्या दृष्टीने यांपैकी कोणते नाव अधिक अर्थवाही आहे, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

१८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि बडनेऱ्यास स्थानकाचे महत्त्व आले. अमरावतीचा फाटा येथूनच निघतो. पुढे या मार्गाचे विद्युतीकरण झाले व रुळांवरील तारेत २५ हजार व्होल्टचा दाब आला. भोवतालच्या शिवारातून ११ हजार व्होल्टच्या वाहिन्या जातात आणि खांबावरील रोहित्र तो दाब ४३३ व्होल्टपर्यंत उतरविते.

फॅरडेने १८३१ साली प्रवर्तनाचे तत्त्व सिद्ध केले. १८८५ साली बुडापेस्ट येथील गांझ कारखान्यातील झिपरनोव्स्की, ब्लाथी व डेरी यांनी बंद गाभ्याचे व्यवहारोपयोगी यंत्र घडविले. आपल्या शब्दाची घडण मात्र फार जुन्या साच्यातील आहे. पाणिनीने (३.२.१८४) ‘इत्र’ हा साधनवाचक प्रत्यय सांगितला असून त्यापासून अरित्र, लवित्र, खनित्र ही रूपे होतात. त्या सूत्रात ‘रुह्’ धातु नाही. तथापि ‘जनित्रा’प्रमाणे ‘रोहित्र’ही त्याच साच्यात बसते. ‘रुह्’ म्हणजे चढणे. तेव्हा रोहित्र हे चढण्याचे साधन होय.

येथे असा आक्षेप संभवतो की, शिवारातील यंत्र दाब चढवीत नाही, उतरविते. उलट ‘डीपी’ हा शब्द ग्रामस्थांनी अनुभवातून उचललेला. तारतंत्र्यांच्या भाषेत डीपी म्हणजे ‘डबल पोल’, यंत्र पेलणारा दोन खांबांचा सांगाडा. कोणी ‘डिस्ट्रिब्यूशन पॉइंट’ असाही विग्रह करतात. दोन्ही विग्रहांत नाव स्थानाचे आहे, क्रियेचे नाही. नपुंसकलिंगी रोहित्र ‘नादुरुस्त होते’, स्त्रीलिंगी डीपी ‘जळते’. आणि ओलिताच्या दिवसांत हेच दुसरे वाक्य गावोगाव ऐकू येते.

दुरुस्तीचा क्रम सुपरिचित आहे. तेल काढावे, गाभा उचलावा, जळालेल्या गुंडाळीचे वेढे मोजावे, त्याच जाडीची तार घेऊन नवी गुंडाळी करावी, ती भट्टीत सुकवावी, गाळलेले तेल भरावे. हौशी माणसाचे काम बहुधा सुकवणीपाशी अडते, कारण कागदात राहिलेला ओलावा डोळ्यांना दिसत नाही. परंतु खरा धोका चाचणीत आहे. कमी दाबाच्या एका फेजच्या गुंडाळीस घरगुती २३० व्होल्टचा प्रवाह दिला, तर वेढ्यांच्या सुमारे ४४ पट प्रमाणामुळे वरच्या गुंडाळीच्या टोकांवर दहा हजारांहून अधिक व्होल्ट उभे राहतात. एखाद्याने मुख्य पुरवठा न तोडता जनित्र चालविले असता बंद समजलेली वाहिनी सजीव होते व खांबावरील तारतंत्री प्राणास मुकतो, त्याचे कारणही हेच.

म्हणजे उतरविणारे यंत्र उलट बाजूने चढविणारेच असते. ‘डीपी’ हा शब्द यंत्राची जागा सांगतो. ‘रोहित्र’ हा त्याचा स्वभाव सांगतो. पंडिती व सदोष म्हणून ज्याची उपेक्षा होते, त्या शब्दाच्या धातूतच इशारा सामावलेला आहे. बोलीतील शब्द टाकून द्यावा असे येथे सुचवावयाचे नाही; तंत्रशिक्षणाच्या वर्गात ‘रोहित्र’ शब्द नुसता पाठ करवून न घेता त्याची फोड करून शिकवावी, इतकेच.