दोन मंडया आणि एक नाव

आपल्या मांडवगण फराट्याहून पुण्याला जाणारा माणूस बहुधा तीन कामांसाठी जातो: दवाखाना, कचेरी आणि बाजार. पहिल्या दोन ठिकाणी जाताना त्याचा जीव धास्तावलेला असतो. बाजारात मात्र तो हक्काने शिरतो, कारण तेथे ढिगाने पडलेला कांदा, मेथी, कोथिंबीर त्याच्याच किंवा त्याच्यासारख्याच कोणाच्या तरी रानातून आलेली असते. परंतु ज्या इमारतीत आपण शिरलो ती कोणी बांधली, केव्हा बांधली, तिला हे नाव कसे पडले, हे आपण क्वचितच विचारतो.

गेल्या हिवाळ्यात सातवीच्या मुलांना घेऊन मी पुण्यास गेलो होतो. शनिवारवाडा पाहून झाल्यावर मुलांनी मंडई पाहण्याचा हट्ट धरला. मधल्या उंच मनोऱ्याखाली उभे राहून एका मुलाने विचारले, "सर, ही मंडई महात्मा फुल्यांनी बांधली का?" मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थबकलो. कारण खरे उत्तर असे आहे की, फुल्यांनी या मंडईच्या खर्चाला विरोध केला होता. मग नाव त्यांचे कसे? शेजारच्या ओट्यावर भाजीचे वाटे लावून बसलेल्या आजीबाई हसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, सांगा की पोरांना. आम्हालाबी ऐकायचंय." त्या दिवशी घाईत जे सांगता आले नाही, ते आज या पानांवर सांगण्याचा विचार आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि सुरुवात आपल्याच परिसरातून करावी लागेल. आपल्या गावाजवळ, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी या संशोधकांनी जमिनीखालून एक संपूर्ण शेतकरी वस्ती उजेडात आणली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे माणसे नांदत होती. ती जव पिकवीत, गुरे पाळीत, पुराचे पाणी वळवण्यासाठी चर खणीत. वस्तीतील एका मोठ्या घराशेजारी धान्याचे कोठार सापडले. ते घर वस्तीच्या प्रमुखाचे असावे, असे संशोधकांचे अनुमान आहे. समुद्रातला शंख आणि तांबे या वस्तू तेथे सापडल्या, त्या अर्थी बाहेरच्या मुलखाशी देवाणघेवाण होती. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही आपल्या भागात हा प्रश्न होताच की, पिकवतो एक, साठवतो कोण आणि वाटणी ठरवतो कोण? बाजाराचा सगळा इतिहास हा याच प्रश्नाचा इतिहास आहे.

पुढे गावगाडा आला, बलुते आले, आठवडे बाजार आले. आठवडे बाजारात कोण कोण बसत असे, याची आठवण आपल्या आडनावांतच राहिली आहे. फळे-भाजी विकणारे बागवान, पानवाले तांबोळी, अत्तर-सुगंधी द्रव्ये विकणारे अत्तार, बांगड्या भरणारे मणियार. माळी, कोळी, तेली, कुंभार यांच्या पालांशेजारीच त्यांची पाले पडत. बाजारात कोणी कोणाची जात-धर्म विसरत नसे, हे खरे. पण एकमेकांवाचून कोणाचे चालतही नसे, हेही तितकेच खरे.

पुण्यात मंडई नव्हती तेव्हा शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भाजीबाजार भरत असे. ऊन, पाऊस, चिखल आणि गुरे यांच्यामध्येच विक्री चाले. १८५८ साली खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आगगाडी आली आणि १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग पूर्ण होऊन पुणे मुंबईला थेट जोडले गेले. शहराची वस्ती वाढली, मागणी वाढली. उघड्यावरचा बाजार बंद करून शुक्रवार पेठेत पक्की मंडई बांधावी, असे नगरपालिकेने ठरवले. कंत्राटदार वासुदेव बापूजी कानिटकर यांनी काम केले आणि १८८६ साली इमारत खुली झाली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिचे नाव 'रे मार्केट' ठेवण्यात आले. काळ्या दगडाचे बांधकाम, मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून फाकत गेलेल्या पडव्या. उजेड आणि वारा खेळता राहावा, नासका माल लगेच बाहेर काढता यावा, अशी ही रचना आहे. त्या काळच्या मानाने ही इमारत अप्रतिमच होती. खर्चही तसाच झाला. आकडा लाखांच्या घरात गेला.

याच खर्चाला जोतीराव फुल्यांचा विरोध होता. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी १ हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे म्हणून त्यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. मंडईच्या बाबतीतही त्यांची भूमिका हीच होती. शिक्षणावर खर्च करण्याऐवजी एवढा पैसा इमारतीत घालू नका, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच सुमारास, १८८२ साली, हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी दाखवून दिले की, सरकारचा महसूल बहुतांशी शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात तर गाडीभर माळवे घेऊन शहरात येणाऱ्या शेतकऱ्यावर म्युनिसिपालिटीच्या जकातीचा किती भार पडतो, हेही त्यांनी मांडले आहे.

येथे कोणी म्हणेल, जोतीरावांना बाजाराचे महत्त्व कळले नव्हते. हे म्हणणे टिकणारे नाही. त्यांचे वडील गोविंदराव भाजीचा धंदा करीत. घराण्याला 'फुले' हे नाव पडले तेच फुलांच्या व्यवसायावरून. स्वतः जोतीरावांनी मांजरीला शेती केली, कंत्राटे घेतली, व्यापारही केला. बाजार म्हणजे काय हे नगरपालिकेच्या बाकावर बसणाऱ्या पुष्कळांपेक्षा त्यांना अधिक कळत होते. आणि शाळेचे मोलही त्यांना अनुभवाने कळले होते. वडिलांनी शाळेतून काढून त्यांना बागेच्या कामाला लावले होते. तेव्हा शेजारी राहणारे गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. एका मुनशीने शेजारधर्म म्हणून टाकलेल्या त्या शब्दाचे फळ सबंध महाराष्ट्राने चाखले. शिक्षणाच्या कामात असलेल्या आपण सर्वांनी ही गोष्ट मनात कोरून ठेवावी. घरोघर जाऊन "पोराला शाळेत पाठवा" असे सांगणे, हे काही लहान काम नव्हे.

आता मुंबईकडे वळू. पुण्याच्या मंडईआधी तेथे क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले होते. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव त्याला दिले होते. विल्यम इमर्सन यांनी आराखडा केला आणि १८६९ साली इमारत पूर्ण झाली. प्रवेशद्वारावर लॉकवुड किपलिंग यांनी केलेली दगडी शिल्पे आहेत आणि त्यांत कोरले आहेत ते हिंदी शेतकरी. वाचकहो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. शेतकऱ्याची मूर्ती दारावर कोरली गेली, पण भाव ठरवताना त्याचे मत कोणी विचारत नव्हते.

स्वातंत्र्यानंतर या मार्केटलाही महात्मा फुल्यांचेच नाव देण्यात आले. पुण्याचे रे मार्केट त्याआधीच महात्मा फुले मंडई झाले होते. त्यासाठी आचार्य अत्रे यांनी नगरपालिकेत असताना पुढाकार घेतला होता. म्हणजे महाराष्ट्राच्या दोन प्रमुख शहरांतील दोन नामांकित मंडयांवर आज एका भाजीवाल्याच्या मुलाचे नाव आहे, आणि तो मुलगा म्हणत होता, मंडईआधी शाळा! गव्हर्नर आणि कमिशनर यांची नावे पुसली गेली. या नामांतरात गौरव आहे, तसा एक ठपकाही आहे. नाव दिले, पण त्या माणसाचे म्हणणे आपण किती ऐकले?

इमारत चांगली झाली म्हणून व्यवहार चांगला होतो असे नाही. भाव ठरवण्याची 'हत्ता' पद्धत आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालीत, बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमालाकडे पाही! ही लूट थांबावी म्हणून कायदे झाले. वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांचा आणि १९३९ साली शेतमाल बाजारांचा कायदा आला. पुढे महाराष्ट्र राज्याचा १९६३ चा कायदा झाला. उघड लिलाव, खरे वजन आणि लेखी हिशेब हा या कायद्यांचा गाभा. १९५६ च्या कायद्यानंतर शेर, पायली, मण जाऊन किलो आले. पुण्याचा घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. मुंबईचा घाऊक फळबाजार १९९६ साली वाशीला गेला. २०१३ साली पुण्यातील जकात उठली. २०१६ साली फळे-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. असूडातील गाऱ्हाणे दूर व्हायला एवढी वर्षे लागली.

आता एक घरची गोष्ट सांगतो. मी पाचवीत असताना अब्बा कांदा घेऊन शहरात गेले होते. रात्री उशिरा परत आले आणि कोपरीच्या खिशातून पट्टी काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. अब्बांना सही करता येत होती, वाचता येत नव्हते. मी बोट ठेवून वाचू लागलो: एकूण वजन, भाव, आडत, हमाली, तोलाई, भाडे. हमालीची रक्कम दोनदा वजा केलेली होती. मी पुन्हा बेरीज केली, पुन्हा तेच. अब्बा बराच वेळ गप्प बसले. परत जाऊन भांडावे, तर एस. टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी त्या रकमेहून जास्त होत होती. शेवटी ते म्हणाले, "मागच्या पट्ट्या काढ." लाकडी पेटीत जपून ठेवलेल्या पट्ट्या मी काढल्या. दिव्याखाली बसून आम्ही त्या एकेक करून वाचल्या. काही बरोबर होत्या, काही नव्हत्या. त्या रात्री अब्बा रागावले नाहीत, रडलेही नाहीत. त्यांनी फक्त एवढेच केले की, पुढच्या खेपेला मला सोबत नेले आणि पट्टी हातात पडताच सर्वांदेखत माझ्याकडे वाचायला दिली. त्या दिवशी हिशेब अगदी बरोबर निघाला.

रुमालाखालचा हात कायद्याने बाहेर काढला, पण ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी लेखी पट्टी हासुद्धा एक रुमालच असतो. कायदा कागदावर हिशेब आणून ठेवतो. तो वाचणारा डोळा शाळाच देते. जोतीरावांच्या विरोधाचा अर्थ मला त्या पाचवीच्या रात्री कळला होता. पुस्तकातून तो पुढे फार वर्षांनी वाचला. मंडई नको असे त्यांचे म्हणणे नव्हते, असे मी समजतो. मंडईत येणारा माणूस आंधळा राहिला, तर दगडी मनोरा कितीही उंच असो, तो कोणासाठी उंच, हा त्यांचा प्रश्न होता.

आणि हा प्रश्न अजून मिटलेला नाही. काढणीच्या दिवसांत माझ्या वर्गातील चार-पाच जागा रिकाम्या असतात. मुले रानात कांदा भरत असतात किंवा मालाच्या गाडीबरोबर गेलेली असतात. मी त्यांना रागवत नाही, कारण मीही त्या गाडीत बसलेलो आहे. परंतु पालकांना माझी हात जोडून विनंती आहे: मुलाला बाजार अवश्य दाखवा, पण शाळा बुडवून नव्हे. सुट्टीच्या दिवशी न्या, आणि पट्टी त्याच्याकडून वाचून घ्या. मुलीलाही न्या, हिशेबाला मुलगा-मुलगी असा भेद नसतो.

गेल्या वर्षापासून मी गणिताच्या तासाला जुन्या पट्ट्या वापरू लागलो आहे. शेकडा आडत, क्विंटलचा भाव, वजावट, निव्वळ रक्कम ही सारी उदाहरणे त्यांतच सापडतात, आणि एरवी मागच्या बाकावर पेंगणारा मुलगाही मान वर करतो, कारण ते आकडे त्याच्या घरचे असतात. ज्या वाचकांच्या घरी जुन्या पट्ट्या पडून असतील, त्यांनी नाव-गाव झाकून त्यांच्या नकला शाळेत आणून द्याव्यात.

मंडईतील त्या आजीबाईंना मी परत गेलो की हे सारे सांगणार आहे. निघताना त्यांनी मुलांच्या हातावर एकेक पेरू ठेवला होता आणि पैसे घ्यायला नकार दिला होता. ज्याने प्रश्न विचारला, त्या मुलाच्या हातावर मात्र दोन ठेवले.