स्टोव्हचा ताळेबंद

माणसाला एखादा छंद असावा, असं सगळे थोर लोक सांगून गेले आहेत. त्या छंदाला माळा किती लागतो, हे मात्र एकानेही सांगून ठेवलेलं नाही. आमच्या घराचा माळा बारा बाय दहाचा. त्यावर गेल्या मार्चअखेर एकेचाळीस पितळी स्टोव्ह होते आणि त्यांच्यामागे कुठेतरी आमच्या सौभाग्यवतींची लोणच्याची बरणी होती. बरणी काढताना सौ.च्या पायाशी जो स्टोव्ह आदळला तो बेचाळिसावा निघाला. तिला पायाचं वाईट वाटलं; मला मोजदाद चुकल्याचं. बी. कॉम. झालेल्या आणि वीस वर्षं बँकेत रोकड जुळवणाऱ्या माणसाला एका नगाचा फरक फार लागतो. त्याच संध्याकाळी छंद आवरता घेण्याचा ठराव घरात एकमताने संमत झाला. माझं मत विचारण्यात आलं नव्हतं.

आमचं गाव चौक. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेल सोडून खोपोलीकडे निघालात की वाटेत लागतं. डोक्यावर इर्शाळगड, मागे माथेरानचा डोंगर. नेताजी पालकर आमच्या गावचे, हे आम्ही पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो. दुसरी गोष्ट चहाबरोबर सांगतो. १८५०च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट आमच्या चौकातूनच डोंगर चढून गेला आणि त्याला माथेरान ‘सापडलं’. डोंगरावरच्या ठाकूर-धनगरांना ते कधी हरवलेलंच नव्हतं, पण त्यांना कोणी विचारलं नाही. वस्तू जवळ असणाऱ्याला ती दिसत नाही. बाहेरून येणाऱ्याला ती सापडते. माझा स्टोव्हचा धंदा याच तत्त्वावर चालला.

सुरुवात अगदी निरागस होती. खोपोलीच्या एका भंगारवाल्याकडे मी जुनी सायकल द्यायला गेलो आणि पितळी स्टोव्ह घेऊन आलो. पितळेच्या वजनावर घेतला. चिंच आणि राख लावून घासला, चांभाराकडून पंपाला चामड्याचा नवा वायसर कापून घेतला, तो रात्रभर खोबरेल तेलात भिजवला, टाकीच्या तळाला डाग मारून घेतला. पेटवला तेव्हा तो लहानपणीचा फर्रर्र आवाज आला आणि माझे डोळे भरून आले. सौ. म्हणाली, धुरानं आले असतील.

पुढे कर्जत-खालापूर पट्ट्यात फार्महाऊसं उगवली. तिथली मंडळी शनिवारी येतात, रविवारी जातात, आणि मधल्या वेळात त्यांना आपलं बालपण विकत हवं असतं. माझे स्टोव्ह जाऊ लागले. एकाने त्यात मनीप्लँट लावला, एकाने दिवा बसवला. माझं काही म्हणणं नव्हतं. बँकही कर्ज कशासाठी घेता हे विचारते, पण पुढे कोण बघतं?

स्टोव्हबरोबर मी इतिहास फुकट देत असे. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या स्वीडिश कारागिराने १८९२ साली बिनवातीचा, काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह काढला. तोच प्रायमस. १९११ साली अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हा त्याच्या सामानात प्रायमस होता. १९५३ साली एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर एडमंड हिलरीचे बूट रात्रीत गोठून दगड झाले, ते त्याने सकाळी प्रायमसवर धरून मऊ केले आणि मग शिखर गाठलं. ‘म्हणजे साहेब, एव्हरेस्टवर पहिल्यांदा शिजले ते बूट!’ या वाक्याला गिऱ्हाईक हमखास हसे आणि पाकिटाकडे हात नेई.

मग मी यंत्रविद्येकडे वळे. भिजवलेला काकडा बर्नरच्या गळ्यात अडकवून पेटवायचा. बर्नर तापला की चावी बंद करून पंप मारायचा. हवेच्या दाबाने रॉकेल वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते, ती निपलच्या केसाएवढ्या भोकातून निघून हवेत मिसळते आणि निळी जळते. भोक तुंबलं तर पिन मारायची. इथे मी थांबत असे. बर्नर पुरता तापलेला नसला तर वाफेऐवजी रॉकेलच उसळतं आणि पिवळा लोळ छपराकडे जातो, हे पुढचं वाक्य मी गिऱ्हाइकाला सांगत नसे. विक्रीच्या वेळी सगळंच सांगायचं नसतं, ते बारीक टायपात छापायचं असतं.

गॅसचा इतिहासही माझ्याकडे तयार होता. १९५५ साली बर्मा-शेलने मुंबईत ‘बर्शेन’ नावाने सिलिंडर आणला. १९६५ साली इंडेन आला. १९७६ साली बर्मा-शेलचं राष्ट्रीयीकरण होऊन पुढे तिचं भारत पेट्रोलियम झालं. गॅस आला, पण नंबर यायला वर्षं लागत. खासदारांच्या कोट्यातली कुपनं असत. ज्याला खासदार ओळखतो त्याच्या घरी निळी ज्योत, बाकीच्यांच्या घरी पिन. आमच्याकडे गॅस १९९३ साली आला. आईने त्या दिवशी सिलिंडरला हळदकुंकू वाहिलं आणि संध्याकाळच्या आत स्टोव्ह भंगारवाल्याला देऊन टाकला. भावसुद्धा विचारला नाही. ही गोष्ट मी विनोद म्हणून सांगत असे.

एका रविवारी एक जोडपं घरी आलं. माझा ध्रुव झाला, एव्हरेस्ट झालं, बूट शिजले. गृहस्थ हळवे होऊन म्हणाले, ‘काय ते दिवस होते!’ आई ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, ‘पेटवणार का तुम्ही हा?’ बाई म्हणाल्या, ‘छे हो आजी, शोभेला!’ ‘मग असू दे,’ आई म्हणाली आणि पुन्हा तांदळात बघू लागली.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं मला हाक मारली.

‘शेवटच्या घरातली सून आठवते तुला? तुला बोरं द्यायची.’

मला बोरं आठवत होती.

‘तू पाच वर्षांचा होतास. चौऱ्याऐंशी साल. पंचनाम्यात स्टोव्हचा भडका लिहिलं. तिच्या घरात तेव्हा पिन मोडून पडलेला स्टोव्ह होता, महिनाभर चुलीवर चाललं होतं. आम्हा बायकांना ठाऊक होतं. आम्हाला कोण विचारतंय?’

मी काही बोललो नाही.

‘स्टोव्ह बरोबर सून ओळखायचा बघ. सासूच्या अंगावर भडकलेला मी ऐकला नाही.’ मग तिने बाही वर केली. कोपराखाली चट्टा आहे, तो मी जन्मापासून पाहतो. मला वाटे, जन्मखूणच. ‘तसा खरंही भडकायचा मेला. म्हणून तर लोकांचं खोटं खपून जायचं.’

त्या रात्री मला झोप लागली नाही. हुंडाबळींच्या विरोधात बायका रस्त्यावर उतरल्या, १९८३ साली दंडविधानात ४९८अ कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४ब आलं, हे मला पाठ होतं. बँकेच्या परीक्षेला सामान्य ज्ञानात होतं ते. त्या कलमांचा आणि माझ्या माळ्याचा काही संबंध आहे, हे मात्र कोणत्याही गाईडात नव्हतं. ध्रुवावरचा स्टोव्ह मला सापडला होता, आळीतला नाही. मॅलेटसाहेबाला हसायचा माझा अधिकार त्याच रात्री संपला.

पुढच्या गिऱ्हाइकाला मी इतिहास पुरा सांगितला. स्वीडनपासून निघालो, एव्हरेस्टवरून उतरलो आणि आमच्या आळीच्या शेवटच्या घरापाशी थांबलो. गृहस्थांनी स्टोव्ह हळूच खाली ठेवला. ‘पुढच्या आठवड्यात येतो,’ म्हणाले. त्यानंतर असे पुष्कळ पुढचे आठवडे झाले. अर्ध्या इतिहासाला गिऱ्हाईक मिळतं. पुऱ्या इतिहासाला ‘बघू’ मिळतं. तरीही नऊजणांनी सगळं ऐकून घेऊन स्टोव्ह नेले. त्यातल्या एका आजींनी मला मधेच थांबवलं, ‘मला नका सांगू, माझी बहीण होती,’ आणि पैसे मोजून दिले. कशासाठी नेला, ते मी विचारलं नाही.

आता हिशेब. एकूण नग बेचाळीस. विक्री नऊ. तीस भंगारात, पितळेच्या वजनावर. वायसर, डाग आणि चिंच धरून निव्वळ तोटा. बँकेत याला बुडीत खातं म्हणतात, घरात ‘तरी मी सांगत होते’ म्हणतात. शिल्लक तीन. एक सुट्या भागांसाठी, एक पोरांना दाखवायला, आणि एक चालू.

चालू स्टोव्हला सौ.ची अट आहे: ज्याचा छंद, त्याने पेटवायचा. रेशनचं रॉकेल आमच्याकडे बंद होऊन बरीच वर्षं झाली. एका गॅरेजवाल्याकडून बाटलीभर मिळतं. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते. तेव्हा मी अंगणात बसून काकडा लावतो, पंप मारतो आणि चहा करतो. पहिल्या वेळी लोळ उठला आणि माझ्या उजव्या भुवईने राजीनामा दिला. चहाला रॉकेलचा वास येतो, असं सौ. म्हणते, आणि तो येतोच.

आई मात्र चहा पीत नाही. मी काडी ओढली की ती ओलं पोतं हातात घेऊन माझ्या मागे उभी राहते. चहा उकळतो, मी चावी सैल करतो, टाकीतली हवा फुस्स करून निघून जाते. मगच ती पोतं दोरीवर वाळत घालते.