नेत्र-सोनोग्राफीतील प्रतिमादोष

नेत्र-सोनोग्राफीतील प्रतिमादोष किंवा आर्टिफॅक्ट म्हणजे डोळ्याच्या श्राव्यातीत ध्वनी तपासणीत पडद्यावर उमटणाऱ्या, परंतु प्रत्यक्ष डोळ्यात त्या जागी अथवा त्या आकारात नसणाऱ्या आकृती होत. पूर्ण पिकलेला मोतीबिंदू किंवा डोळ्यातील रक्तस्राव यांमुळे दृष्टिपटल थेट दिसत नाही, तेव्हा शस्त्रक्रियेचा निर्णय बव्हंशी याच तपासणीवर घ्यावा लागतो. आभासी रेषेला सुटलेले दृष्टिपटल समजल्यास अनावश्यक शस्त्रक्रियेचा धोका संभवतो.

== कारणे ==
ध्वनी सरळ रेषेत जातो, एकदाच परावर्तित होतो आणि त्याचा वेग ठरावीक असतो, असे यंत्र गृहीत धरते. बहुतेक दोष ही गृहीतके मोडल्याने उद्भवतात.

कृत्रिम भिंग किंवा धातूचा कण यांवरून ध्वनी पुनःपुन्हा परावर्तित झाल्यास समान अंतरावर, क्रमाने फिकट होत जाणाऱ्या रेषा दिसतात. लोखंडावर घण मारताना डोळ्यात शिरलेला कण अनेकदा अशा शेपटीवरूनच ओळखू येतो. कॅल्शियमचे साठे ध्वनी अडवतात व त्यांच्यामागे काळी छाया पडते. रेटिनोब्लास्टोमा या बालकांमधील कर्करोगाच्या निदानात हाच दोष उपयोगी ठरतो.

भिंगातील ध्वनिवेग सुमारे १६४१, तर काचाभ द्रवातील १५३२ मीटर प्रतिसेकंद असतो. भिंगातून गेलेला प्रतिध्वनी लवकर परतल्याने मागील भित्ती पुढे सरकल्यासारखी भासते. १९५८ मध्ये ग्रीनवुडसह डोळ्याची द्विमितीय प्रतिमा मिळवणाऱ्या गिल्बर्ट बॉम यांच्या नावाने हा उंचवटा ओळखला जातो. तो गाठीसारखा दिसू शकतो. याउलट, दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत भरलेल्या सिलिकॉन तेलात वेग ९८० मीटरच्या आसपास असतो. त्यामुळे १६ मिलिमीटरचे अंतर यंत्र सुमारे २५ मिलिमीटर दाखवते आणि डोळा अवास्तव लांब दिसतो.

== ओळख ==
शलाकेची दिशा बदलणे हा सर्वांत विश्वासार्ह उपाय होय. भिंग टाळून श्वेतपटलावरून तपासल्यास बॉमचा उंचवटा नाहीसा होतो, खरी गाठ मात्र कायम राहते. यंत्राची संवेदनशीलता कमी केल्यास आभासी रेषा सहसा आधी पुसल्या जातात. तथापि काचाभ द्रवाचे पातळ आवरणही असेच लुप्त होत असल्याने केवळ एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. रुग्णाला डोळा हलवण्यास सांगितल्यावर खरे आवरण डोळा थांबल्यानंतरही क्षणभर डोलते. पुनरावर्तनाच्या रेषा असे डोलत नाहीत. मूळ परावर्तक थांबताच त्याही थांबतात. पापणी व शलाका यांच्यामध्ये जेल कमी पडल्यास शिरलेल्या हवेमुळेही छाया पडते, म्हणून विचित्र काळा पट्टा दिसल्यास प्रथम जेल तपासावे.