परसातली कोंबडी आणि शेजारधर्म

"भाईसाहब, आप खुद काटते हैं?"

भोपाळच्या गोविंदपुऱ्यात माझ्या मामाला शेजाऱ्याने विचारलेला हा प्रश्न मी शाळेत असताना ऐकला. विचारणारे गृहस्थ शिवराक नव्हते. रविवारी बाजारातून कोंबडी आणून चवीने खाणारे होते. तरी मामाने परसात स्वतः वाढवलेली कोंबडी स्वतः कापली, हे त्यांना भयंकर वाटले. खाणे चालते, मग कापणे का चालत नाही? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

गोविंदपुरा म्हणजे भोपाळचा पूर्वेकडचा कारखान्यांचा भाग. 1956 साली भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झाले आणि त्याच वर्षी तिथे हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. पुढे 1974 मध्ये ती भेलमध्ये विलीन झाली. कामगारांच्या वसाहतीत बंगाली, मल्याळी, पंजाबी, मराठी, सगळे एका रांगेत राहायला आले. गावात प्रत्येक वाड्याला शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजते ते पिढ्यान्पिढ्या ठाऊक असते. इथे भिंतीपलीकडचा माणूस काय खातो, काय पाळतो, कशाला विटतो, हे सगळे नव्याने शिकायचे होते. आमचा मामा सत्तरच्या दशकात तिकडे नोकरीला गेला तो गोव्यातल्या सवयी घेऊनच. क्वार्टरच्या मागे त्याने खुराडे बांधले आणि सात-आठ कोंबड्या पाळल्या.

आपल्याकडे यात नवल काहीच नव्हते. हिंदूंच्या परसात कोंबड्या, ख्रिस्तावांच्या परसात कोंबड्या. पाहुणा आला की डालग्याखालची एक कमी व्हायची. राखणदाराला कोंबा द्यायचा, नवस फेडायचा, आणि मग शागोती. पण म्हणून आपल्या समाजात कोंबडीबद्दल कुरकुर नव्हती असे समजू नका. मासे खाणाऱ्या कितीतरी हिंदू घरांत कोंबडी स्वयंपाकघरात येत नसे. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडायची, भांडी वेगळी, आणि आजी तिकडे फिरकायचीही नाही. हा विटाळ फार जुना. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना निषिद्ध ठरवलेल्या पदार्थांत लसूण-कांद्याबरोबर गावातला कोंबडाही आहे. रोख गावातल्या कोंबड्यावर आहे. तो उकिरड्यावर चरतो, हे कारण उघड दिसते. म्हणजे हा आक्षेप दयेपेक्षा सोवळ्याचा होता.

दयेचा आक्षेपही परका नाही, तोही आपल्याच मातीतला आहे. गाडगेबाबांनी जन्मभर जत्रांतून देवापुढे कोंबडी-बकरी कापू नका म्हणून सांगितले. स्वतःच्या मुलीच्या बारशाला भाऊबंदांच्या रीतीप्रमाणे मटण-दारू न देता त्यांनी गोडाचे जेवण घातले, तेव्हा त्यांना घरच्याच लोकांचा राग सोसावा लागला. त्यामुळे आपण कापतो म्हणून समोरचा ढोंगी, असे म्हणून मोकळे होता येत नाही. काहींना खरोखर वाईट वाटते आणि ते तसे वागतातही.

मामाच्या शेजाऱ्याचा आक्षेप मात्र या दोन्हींत बसत नव्हता. तो तिसराच, नव्या काळाचा. 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत ब्रॉयलर कोंबडी घरोघरी पोहोचली. गांवठी कोंबडी खाण्याजोगी व्हायला पाच-सहा महिने लागतात, ब्रॉयलर सहा आठवड्यांत तयार. कोंबडी स्वस्त झाली, पूर्वी न खाणारेही खाऊ लागले. पण ती दुकानात कापली जाऊ लागली, पडद्यामागे, दुसऱ्याच्या हाताने. खाणाऱ्याला फक्त काळी पिशवी दिसते. मग ज्याच्या हाताला रक्त दिसते तोच क्रूर वाटू लागतो. आक्षेप मारण्याला नसतो, दिसण्याला असतो.

मामाने वाद घातला नाही. त्याने रीत बदलली. कापायचे ते पहाटे, मागच्या दारी, पडदा लावून. पिसे आणि आतडी खड्ड्यात, वर माती. सुरी धारदार, म्हणजे जिवाचे हाल नकोत. चतुर्थी, एकादशी आणि शेजाऱ्यांचे उपास मामी कॅलेंडरवर खुणा करून ठेवायची. आणि अंडी मात्र, जे खातात त्यांच्या घरी, न चुकता जायची.

एकदा तरीही चूक झाली. शेजारची एक लहान मुलगी एका कोंब्याला रोज तांदूळ घालायची. तिने त्याचे नाव राजा ठेवले होते. मामाने तो कापला. पोर दोन दिवस जेवली नाही. मामा तिच्या घरी गेला आणि तिच्या आईवडिलांसमोर तिला म्हणाला, "बेटा, मुझसे गलती हो गयी. पूछना चाहिए था." त्यानंतर मुलांनी नाव ठेवलेला पक्षी त्या घरात कधी कापला गेला नाही. त्यातली एक कोंबडी म्हातारी होऊन मेली. अंडी देईना तरी मामा तिला दाणे घालायचा आणि मामी हसायची.

कायदा विचाराल तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अन्नासाठी मारणे हा गुन्हा मानलेला नाही, विनाकारण हाल केले तर गुन्हा. पण 2001 च्या नियमांप्रमाणे पालिका हद्दीत परवान्याच्या कत्तलखान्याबाहेर कापता येत नाही. शहरात परसातल्या कोंबडीचे दिवस कागदावर तरी तिथेच संपले. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, आणि शेजाऱ्याच्या भीतीला आणखी एक कारण मिळाले. ते खोटे म्हणता येणार नाही. खुराडे स्वच्छ ठेवणे आणि पक्षी आजारी पडले तर न लपवता पशुवैद्याला कळवणे, हाही आता शेजारधर्मच.

गंमत पहा, त्याच मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भिल्ल-भिलालांनी परसात पिढ्यान्पिढ्या सांभाळलेली ती काळी कोंबडी आता शहरातले लोक कौतुकाने, दुप्पट-तिप्पट भावाने विकत घेतात. पाळणाऱ्याचे हात मात्र कुणाला पाहायचे नसतात.

मामा आता नाही. आमच्या गावात माझ्या परसात पाच कोंबड्या आहेत. शेजारी मुंबईहून आलेल्या नव्या कुटुंबाने घर घेतले आहे. गेल्या महिन्यात त्या बाईंनी कुंपणापलीकडून विचारले, "तुम्ही यांना खाता?" मी "होय" म्हटले. क्षणभर त्या गप्प राहिल्या. मग मी विचारले, "तुमच्याकडे अंडी चालतात का?"

चालतात म्हणाल्या. सध्या आमचे संबंध सहा अंड्यांपर्यंत आले आहेत. चतुर्थीनंतर कोंबा कापायचा आहे. त्याआधी त्यांच्या मुलाने कुणाचे नाव ठेवले आहे का, ते विचारून घेणार आहे.